जुन्या डेस्कटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम: आधी फायली, मग फॉरमॅट

बाबांच्या टेबलावरचा डेस्कटॉप आम्ही २०१३च्या दिवाळीत असेंबल करून घेतला. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी त्यावर विंडोज ७ होतं, पुढे विंडोज १० आलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले, तेव्हा बाबांनी विचारलं, "आता हा काढून टाकायचा का?" काढावा लागला नाही. आज त्याच संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही लिनक्स कुळातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) चालते आणि बाबा त्यावर गावच्या वाचनालयाचा सगळा पत्रव्यवहार करतात.

या वेळी सगळं नीट झालं, कारण त्याआधी एकदा बिघडलं होतं. २०२२मध्ये विंडोज ७ काढून १० टाकायला हाच संगणक एका दुकानात दिला होता. "फॉरमॅट मारून देतो, डी ड्राइव्हला हात लावत नाही," असं त्यांनी सांगितलं आणि ते शब्दाला जागले. डी ड्राइव्ह शाबूत राहिला. डेस्कटॉपवरचे, म्हणजे पडद्यावर दिसणारे फोल्डर मात्र गेले, कारण डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याहून मोठा धक्का पुढे होता. डी वर जपलेले वाचनालयाचे अठरा वर्षांचे वार्षिक अहवाल उघडले, तर मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी. फाइल जागेवर होती, फॉन्ट पुसला गेला होता. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे तोच फॉन्ट मिळाला, तोवर दोन महिने गेले.

म्हणून या लेखात इन्स्टॉल करण्यापेक्षा त्याच्या आधीच्या कामावर जास्त शब्द खर्च केले आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम चुकली तर त्याच संध्याकाळी पुन्हा टाकता येते. फायलींचं तसं नसतं.

१. संगणक कोणता आहे ते लिहून काढा

एक वही घ्या. विंडोजच्या स्टार्ट मेनूत 'सिस्टीम इन्फर्मेशन' शोधा आणि चार गोष्टी उतरवा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, मदरबोर्डचं मॉडेल, आणि 'बायोस मोड' पुढे लेगसी (जुना प्रकार) लिहिलंय की यूईएफआय (नवा प्रकार). बायोस म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणारी, मदरबोर्डवरची प्रणाली. मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अबाउट, तिथे ६४-बिट प्रोसेसर आहे का ते पाहा.

हार्ड डिस्कची तब्येतही आत्ताच तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत साधन आहे. ते 'गुड' दाखवत असेल तर निवांत पुढे जा. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर बाकी सगळं थांबवून आधी बॅकअप घ्या. अशी डिस्क अजून किती दिवस साथ देईल याचा भरवसा नसतो.

२. कोणत्या वाटेने जायचं ते ठरवा

तीन वाटा आहेत.

पहिली विंडोज ११. त्याला ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) चालणारं यूईएफआय आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की हो किंवा नाही कळतं. इथे एक बारकावा आहे. प्रोसेसर पात्र असूनही 'टीपीएम सापडत नाही' असं उत्तर आलं, तर बरेचदा टीपीएम बायोसमध्ये फक्त बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाचा पर्याय शोधा, तो चालू करा आणि पुन्हा तपासा.

पात्र नसलेल्या संगणकावर तपासणीला बगल देऊन विंडोज ११ टाकायच्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात. मी त्या करू नका म्हणेन. अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून काही प्रोसेसर-आज्ञा सक्तीच्या झाल्या आहेत. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीतच, त्यामुळे तिथे ते सुरूही होणार नाही.

दुसरी वाट म्हणजे विंडोज १० वरच मुदत वाढवून घेणं. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. टॅलीवर हिशेब ठेवणारे, पेजमेकर किंवा कोरलड्रॉवर काम करणारे, निविदांसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरणारे, अशा सगळ्यांनी ही वाट घ्यावी आणि मिळालेल्या वेळात पुढची तजवीज करावी. ही कामं लिनक्सवर ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही.

तिसरी वाट लिनक्स. पत्रं, हिशेबाचे तक्ते, ईमेल, बँक, यूट्यूब, व्हिडिओ कॉल एवढाच वापर असेल, तर जुन्या संगणकासाठी माझ्या मते हीच सर्वांत चांगली. आम्ही लिनक्स मिंट निवडलं. त्याच्या २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं चालतं. मिंटचे तीन अवतार आहेत: सिनॅमन, एक्सएफसीई आणि माटे. जुन्या संगणकावर एक्सएफसीई घ्या, तो सर्वांत हलका. २२ मालिका फक्त ६४-बिट आहे.

विंडोज ७वर अजूनही काम करत असाल तर थांबू नका. त्याचा आधार १४ जानेवारी २०२०ला संपला आणि २०२३पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्याही त्यावर येत नाहीत. विंडोज ७ ची की वापरून विंडोज १० किंवा ११ मोफत सक्रिय करायची सोयही २०२३मध्ये बंद झाली. आणि कोणी 'क्रॅक' टाकून देतो म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. ज्या संगणकावरून तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता, त्यात अनोळखी माणसाने बनवलेलं साधन सर्वाधिकारासह चालवू देणं फार धोक्याचं आहे.

यापुढचे टप्पे लिनक्स मिंटचे आहेत, पण तिसरा, चौथा आणि पाचवा टप्पा कोणत्याही वाटेला लागू पडतो.

३. हे आधी गोळा करा

- ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह, ज्यातलं सगळं पुसलं तरी चालेल
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क, आणि अगदी महत्त्वाच्या फायलींसाठी दुसरा पेन ड्राइव्ह
- २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, साटा हा तिच्या जोडणीचा प्रकार)
- एक साटा डेटा केबल, आणि एसएमपीएसला (आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला) मोकळी साटा पॉवर पिन नसेल तर ती देणारी जोडकेबल
- मदरबोर्डचा गोल सेल, क्रमांक सीआर २०३२
- फुलीच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश
- वायफाय नसेल तर राउटरपर्यंत पोचणारी लॅन केबल, किंवा मोबाइलचं इंटरनेट यूएसबीने देण्यासाठी चार्जिंगची केबल
- वापरातल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड, वहीत लिहिलेले

शेवटचा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. जुन्या ब्राउझरने पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो, आपण नाही. नव्या सिस्टीमवर ईमेलनेच दार बंद केलं, तर बाकी खाती उघडणं अवघड होतं.

४. फायली आणि फॉन्ट

हे काम एका दिवसात उरकू नका. आम्ही बाबांसोबत रोज तासभर, असे चार दिवस बसलो. संगणक ज्यांचा आहे ते शेजारी हवेत, कारण कुठल्या फोल्डरचं काय महत्त्व ते त्यांनाच माहीत असतं.

आधी सी ड्राइव्ह. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे फोल्डर सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स'च्या आत, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तो फोल्डर अख्खाच्या अख्खा उचला. एकाहून जास्त जण संगणक वापरत असतील तर तिथे प्रत्येकाचा वेगळा फोल्डर दिसेल. मग सी च्या अगदी बाहेरच्या पातळीवर नजर टाका. पुष्कळ लोकांनी तिथेच 'नवीन', 'महत्त्वाचे' अशा नावांचे फोल्डर केलेले असतात.

आता डी आणि ई. इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे, म्हणून सावकाश वाचा. सी, डी, ई या वेगवेगळ्या डिस्क नसतात. बहुतेक घरांत ते एकाच डिस्कचे पाडलेले कप्पे असतात. विंडोज पुन्हा टाकताना फक्त सी पुसला तर डी राहतो, म्हणून "डी वर आहे ते सुरक्षित" अशी समजूत पक्की झाली आहे. पण लिनक्स टाकताना 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला, तर डिस्क पूर्ण पुसली जाते. त्यात डी आणि ईसुद्धा गेले. तेव्हा डी चाही बॅकअप घ्या.

बाहेरची डिस्क फॅट ३२ प्रकारची असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जाणार नाही. लग्नाचे व्हिडिओ नेमके इथेच अडकतात. ती रिकामी असताना एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घेतली की हा प्रश्न सुटतो.

ब्राउझरमधले बुकमार्क एचटीएमएल फाइल म्हणून बाहेर काढता येतात. पासवर्डही फाइलमध्ये काढता येतात, पण त्या फाइलमध्ये ते उघडे, जसेच्या तसे असतात. वापर झाला की ती फाइल पुसा आणि रीसायकल बिनही रिकामा करा. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल शोधा, ईमेल तिच्यात साठवलेले असतात.

आता मराठी. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी पद्धत) सर्रास होण्याआधी आपल्याकडे श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव, किरण, शिवाजी अशा नाना फॉन्टांत काम चालायचं. त्या फायलींत मराठी अक्षरांचे खरे संकेत नसतात. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट गेला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. आमच्या अहवालांचं हेच झालं होतं. म्हणून तीन कामं करा, याच क्रमाने:

पहिलं, सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' फोल्डरच्या आत 'फॉन्ट्स' आहे, तो सगळा बॅकअपमध्ये घ्या. ज्या पॅकेजमधून फॉन्ट आले त्याची सीडी, परवान्याचा कागद आणि डाँगल असेल तर तोही एका पाकिटात ठेवा.

दुसरं, जुना संगणक व्यवस्थित चालू आहे आणि मराठी नीट दिसतंय तोवर, प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढून ठेवा. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज'मध्ये पीडीएफ निवडलं की झालं. पीडीएफमध्ये फॉन्टचे आकार आतच बसवलेले असतात, त्यामुळे ती कुठेही, कधीही वाचता येते. पीडीएफ काढल्यावर ती मोबाइलवर उघडून पाहा. मोबाइलवर मराठी नीट दिसलं म्हणजे फॉन्ट आत बसला. या सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

तिसरं, ज्या फायली पुढेही बदलत राहायच्या आहेत, त्या परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) युनिकोडमध्ये आणा. परिवर्तक त्या-त्या फॉन्टचाच हवा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. नंतर डोळ्यांखालून घालणं अटळ आहे. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी इथे चुका राहतात. आमच्याकडे एका अहवालात 'वर्गणी' हा शब्द पंधरा ठिकाणी बिघडला होता.

बॅकअप झाला की तो दुसऱ्या संगणकावर लावून पाच-सहा फायली उघडा. नुसता फोल्डर दिसला म्हणून समाधान मानू नका.

५. डबा उघडा

ज्याला आपण सीपीयू म्हणतो तो डबा. वीज बंद, केबल भिंतीतून काढलेली, आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलेलं, म्हणजे उरलासुरला वीजभार जातो. आत हात घालण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या लोखंडाला स्पर्श करा. जोडण्या हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका, वीज काढल्यावरही त्यात जोरदार भार असू शकतो.

धूळ ब्रशने काढा. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगरू देऊ नका.

एसएसडी घातल्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेही पडत नाही. आमच्या एच ६१ बोर्डाची साटा जोडणी जुन्या, ३ गिगाबिट वेगाची आहे, आजच्या एसएसडीचा पूर्ण वेग तिला पेलत नाही. तरी फिरत्या तबकडीच्या डिस्कपुढे तो वेग इतका जास्त आहे की बाबांनी पहिल्या दिवशी दोनदा बंद करून चालू करून पाहिलं. रॅम वाढवायची असेल तर प्रकार पाहून घ्या. त्या काळातले बोर्ड डीडीआर ३ चे, आजची डीडीआर ४ त्यांत बसत नाही.

गोल सेल बदलाच. दहा वर्षांच्या बोर्डावर तो बहुधा संपलेला असतो. संपला की वीज गेल्यावर संगणकाची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळं "जोडणी सुरक्षित नाही" म्हणून उघडायला नकार देतात. लोक याला व्हायरस समजून पुन्हा फॉरमॅट मारतात. खरं काम एका सेलचं असतं.

आता माझा सर्वांत कळकळीचा सल्ला: नवी एसएसडी लावल्यावर जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. इन्स्टॉल होताना जुनी डिस्क जोडलेलीच नसेल तर ती चुकून पुसली जाणं शक्यच नाही. बॅकअप, आणि वर शाबूत जुनी डिस्क, अशी दुहेरी सोय होते. नवखेपणी मनावरचं ओझं यानेच उतरतं.

जुनी डिस्क शेवटची बंद करताना एक करा. विंडोज १० 'फास्ट स्टार्टअप'मुळे पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. शिफ्टची कळ दाबून धरून शटडाउन निवडा, म्हणजे पूर्ण बंद होईल. नाहीतर पुढे लिनक्स ती डिस्क फक्त वाचू देतं, लिहू देत नाही.

६. पेन ड्राइव्ह तयार करा

हे जुन्या विंडोजवर, डबा उघडण्याआधी करून ठेवा. लिनक्स मिंटच्या अधिकृत स्थळावरून एक्सएफसीईची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एकाच फाइलमध्ये) उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते. मोबाइल डेटावर असाल तर रोजची मर्यादा पाहून घ्या. अर्ध्यात तुटलेली फाइल पूर्ण दिसते आणि इन्स्टॉलच्या मध्यावर दगा देते. म्हणून तिथेच दिलेला एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) उतरवलेल्या फाइलच्या आकड्याशी जुळवा. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून हा आकडा काढता येतो. सगळी अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत.

मग रूफस हे पेन ड्राइव्हवर सिस्टीम चढवणारं मोफत साधन उघडा, पेन ड्राइव्ह आणि आयएसओ निवडा, बाकी आहे तसं राहू द्या आणि स्टार्ट करा. आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं तर आधी आयएसओ. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरूच झाला नाही, तर पुन्हा डीडीने करा. डीडीने केलेला पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये लावला की "फॉरमॅट करायचा का?" असं विचारलं जातं. नाही म्हणा.

७. पेन ड्राइव्हवरून चालू करून पाहा

पेन ड्राइव्ह डब्याच्या मागच्या यूएसबीत लावा, पुढच्या जोडण्या बरेचदा ढिल्या असतात. चालू करताच बूट मेनूची कळ टपटप दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटला सहसा एफ १२, एचपीला एफ ९, आसुसला एफ ८, एमएसआय आणि एएसरॉकला एफ ११. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

त्याआधी एकदा बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड बघा. जुन्या बोर्डांवर तो 'आयडीई' या जुन्या पद्धतीचा असू शकतो. नव्या एसएसडीसाठी 'एएचसीआय' करा. पुढे कधी जुनी डिस्क लावून जुनं विंडोज चालू केलंत आणि निळा पडदा आला, तर हाच मोड परत फिरवावा लागेल.

मिंट पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं, डिस्कला हात न लावता. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून मेनूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. चालू झालं की घाई न करता तपासा: आवाज येतो का, वायफाय दिसतं का, पडद्याचा आकार बरोबर आहे का, प्रिंटर ओळखला जातो का.

प्रिंटरबद्दल दोन शब्द. घरोघरी दिसणारा एचपी लेझरजेट १०२० मिंटवर चालतो, पण त्याला एचपीचा जादा प्लगइन उतरवून द्यावा लागतो. कॅननचा एलबीपी २९०० तितकाच लोकप्रिय आहे, पण लिनक्सवर तो सहज चालत नाही. जाणकार माणूस हाताशी नसेल तर त्याच्या भरवशावर बदल करू नका. प्रिंटरवर रोजचं काम अवलंबून असेल तर इन्स्टॉलचा निर्णय इथेच, या चाचणीनंतर घ्या. अजून काहीच बिघडलेलं नाही, पेन ड्राइव्ह काढून जुन्या डिस्कची केबल परत जोडली आणि साटाचा मोड बदलला असेल तर तो पूर्ववत केला, की जुना संगणक जसाच्या तसा.

८. इन्स्टॉल

वेळ निवडताना विजेचा विचार करा. देखभालीसाठी वीज जाण्याचा तुमच्या भागातला वार टाळा, आणि यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर तिच्यावर विसंबू नका. एसएसडीवर हे काम साधारण अर्ध्या तासात होतं.

पडद्यावरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' चिन्हावर दोनदा क्लिक करा. भाषा सध्या इंग्रजी ठेवा, अडचण आली तर मदत शोधणं सोपं जातं. 'मल्टिमीडिया कोडेक्स'ला होकार द्या, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत. मग डिस्कचा प्रश्न येतो. फक्त नवी एसएसडीच जोडलेली असेल तर 'इरेज डिस्क' निर्धास्तपणे निवडा. तरीही डिस्कचं नाव आणि आकार एकदा वाचा. २४० जीबीची अपेक्षा असताना ५०० दिसले तर लगेच मागे फिरा.

वेळेसाठी नकाशावर कोलकाता निवडायचं. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड द्या. हा पासवर्ड पुढे प्रत्येक अपडेटला लागतो, घरच्या वडीलधाऱ्यांना सहज टाइप करता येईल असा ठेवा आणि वहीत लिहा. पूर्ण झाल्यावर 'रीस्टार्ट' करा, सांगितल्यावर पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबा.

एकाच संगणकावर विंडोजही ठेवणार असाल तर एक गोष्ट तुम्हाला चक्रावून टाकेल: लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. साडेपाच तासांचा फरक दिसला तर सेल खराब नाही, हे कारण आहे.

९. पहिल्या दिवशीची कामं

अपडेट मॅनेजर उघडा आणि सगळे अपडेट घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर पाहा. मग टाइमशिफ्ट लावा. एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर ते सिस्टीमला मागच्या स्थितीत नेतं. ते सिस्टीमची प्रत ठेवतं, तुमच्या पत्रांची आणि फोटोंची नाही. त्यांचा बॅकअप पूर्वीसारखा वेगळा घ्यायचाच.

मराठी टाइप करण्यासाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट. तिथे मराठीचा 'कगप फोनेटिक' लेआउट मिळतो, उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना तो लवकर जमतो. इनस्क्रिप्टची सवय असेल तर तोही आहे. भाषा बदलायची कळ तिथेच ठरवा. मग ही ओळ टाइप करून पाहा: ॲप, ऑफिस, दऱ्या, ज्ञान, क्षमा, बाळ. 'दऱ्या'मधला ऱ्य आणि 'ॲ' नीट आले की मराठी बसली.

लिब्रेऑफिसमध्ये एक पायरी बहुतेकांची सुटते. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे इंग्रजीपासून वेगळा ठरतो. हे केलं नाही तर फॉन्टचा आकार कितीही बदलला तरी मराठी तेवढीच राहते आणि माणूस वैतागतो. फॉन्ट म्हणून 'मुक्त' घ्या. मुंबईच्या एक टाइपने केलेला, विनामूल्य, छपाईतही सुरेख दिसतो. वर्डमध्ये केलेले तक्ते इथे थोडे सरकलेले दिसू शकतात. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ पाठवा.

डिजिटल सही असलेल्या दाखल्यांच्या पीडीएफवर सही खरी असल्याची हिरवी खूण उमटवायला आपल्याकडे ॲडोबी रीडर वापरतात. त्याची लिनक्ससाठीची आवृत्ती ॲडोबीने केव्हाच बंद केली आहे. असे दाखले वारंवार काढत असाल तर त्यासाठी घरातला दुसरा संगणक राहू द्या.

१०. जुनी डिस्क

दोन-तीन दिवसांनी, सगळं ठीक चालतंय असं दिसल्यावर, संगणक बंद करून जुनी डिस्क परत जोडा. मिंटच्या फाइल खिडकीत ती डाव्या बाजूला दिसेल, क्लिक केलं की सी आणि डी दोन्हीतलं सगळं उघडेल. बॅकअपमधून निसटलेलं काही असेल तर आता उचला. आम्हाला बाबांच्या पेन्शनच्या अर्जांचा एक फोल्डर असा मिळाला, तो विंडोजच्या दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाखाली होता.

मग ती पुन्हा काढा. कागदाच्या पट्टीवर तारीख आणि 'विंडोज १०, सगळ्या फायली' असं लिहून तिच्यावर चिकटवा, आणि कोरड्या जागी ठेवा, कापडात गुंडाळून. वर्षभर तरी ती पुसू नका. वार्षिक अहवालाच्या वेळी, आयकराच्या वेळी, घरात कुणाचं लग्न ठरलं की जुने फोटो शोधताना, तेव्हाच कळतं काय राहून गेलं ते. आमची डिस्क बाबांच्या कपाटात, फॉन्टच्या सीडीच्या पाकिटाशेजारी आहे.